सड्याखालचं पाणी

कळशी भरायला अर्धा तास लागायचा. जांभ्याच्या कड्याखाली बोटभर फट होती. त्या फटीत फणसाचं पान ओल्या मातीनं चिकटवलेलं असायचं आणि पानाच्या शेंड्यावरून सुतळीएवढी धार खालच्या तांब्याच्या कळशीत पडायची. धनगरवाड्यावरची आज्जी शेजारच्या धोंड्यावर बसून तंबाखू मळायची, दाढेला धरायची आणि धारेच्या आवाजावरून कळशी कुठवर भरली ते न बघता सांगायची. आवाज बारीक झाला की उठायची. दुसरं भांडं धारेखाली सरकवल्याशिवाय पहिलं कधी उचलायची नाही.

हे मी पस्तीस वर्षांपूर्वी पाहिलं आणि त्याच दिवशी ते पाणी मी नासवलं.

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचं ठाणं, वेदगंगेच्या काठचं. आम्ही चौघे तेव्हा मौनी विद्यापीठात शिकत होतो. एकाचे वडील गवंडी, एकाच्या घरी रेशनचं दुकान, बाकीचे आम्ही दोघे शेतकऱ्यांची पोरं. भाऊबीज झाली, फराळाचा कंटाळा आला आणि कुणीतरी म्हणालं, गडावर जाऊ, तिथून सड्यावर जाऊ, कोंबडी करू, अंधार पडला की टेंभे पेटवून परत येऊ. ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तालुक्याला ज्याच्यावरून नाव पडलं तो भुदरगड किल्ला गारगोटीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. सायकली पायथ्याच्या पेठशिवापुरात लावल्या आणि चालू लागलो. चढ असा फारसा नाहीच. म्हातारीकोतारी आणि कडेवरची पोरं माघातल्या भैरवनाथाच्या यात्रेला हसतखेळत वर जातात. गड मूळ शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानतात. शिवाजी महाराजांनी तो १६६७ मध्ये पुन्हा बांधून घेतला. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध बंड केलं, तेव्हा हा गडही बंडात होता. पुढं इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडली. आजही पडक्या तटाचे जांभ्याचे चिरे गवतात जागोजागी दिसतात. वर दूधसागर नावाचा तलाव आहे. तिथल्या पांढुरक्या मातीमुळं त्याचं पाणी दुधात पाणी घातल्यासारखं दिसतं. त्या मातीकडं तेव्हा मी नुसतं बघितलं होतं. तिचा अर्थ पुढं कळला.

गड बघून खाली उतरलो आणि शेजारच्या सड्याची वाट धरली. ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या सह्याद्रीचे बरेच डोंगर टोकदार नसतात, वर टेबलासारखे सपाट असतात. त्या सपाटीवर जांभ्या दगडाचा जाड थर असतो, तोच सडा. तांबडा, काळपट तांबडा, मधेच विटकरी, मधेच पिवळा, आणि सगळीकडं भोकं. काही सुई जाईल एवढी, काही मूठ जाईल एवढी, तर काहींत कोपरापर्यंत हात घातला तरी बूड लागत नाही. पावसाळा संपून गवत वाळलं की तांबडा रंग पुन्हा वर येतो. मे महिन्यात तिथं उभं राहिलात तर मारवाडच्या वाळवंटात आल्यासारखं वाटेल. सावली नाही, झाड नाही, पायाखाली तापलेला तांबडा दगड आणि वर घिरट्या घालणारी घार. चालायला मात्र इतकी सोपी जागा दुसरी नाही. चढ नाही, उतार नाही, वाट चुकायची भीती नाही. नजर पोचेल तिथवर पाय पोचतो.

सड्याच्या पोटाशी धनगरवाडा होता. सहा घरं, शेणानं सारवलेली अंगणं आणि करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलेला शेरडांचा वाडा. आज्जी झऱ्यावर बसली होती.

“कुठनं आलासा रं पोरांनो?”

“गारगोटीसनं, आज्जी. सड्यावर चाललोय.”

“वर पाणी न्हाई आता. खड्ड्यातलं सगळं आटलंय. हाय का संगं?”

आमच्याकडं एक बाटली होती. तिनं आमच्याकडं, मग कोंबडीच्या पिशवीकडं बघितलं. नुकती भरलेली कळशी उचलून गवंड्याच्या पोराच्या हातात दिली.

“ही न्या. उतरताना दावनीपाशी ठेवून जावा.”

आम्ही नको म्हणालोच नाही. अर्ध्या तासाचं पाणी तिनं दिलं, आम्ही घेतलं आणि तिचं नावही विचारलं नाही.

वर पोचलो, दगड मांडून चूल केली. कार्तिकातली लाकडं अजून ओली होती. रेशन दुकानवाल्याच्या पोरानं घरून रॉकेलचा कॅन आणला होता. ते लाकडांवर ओतून जाळ केला. रस्सा झाला, भाकरी संपल्या. आज्जीच्या कळशीतलं अर्धं पाणी प्यायलो आणि अर्ध्यानं हात धुतले, पातेलं विसळलं. दिवस कलला तसे दोन टेंभे भिजवून तयार केले. कॅनमध्ये अजून दोनेक लिटर रॉकेल शिल्लक होतं, पण कॅनचं बूच कुठं हरवलं ते सापडेना. सायकलच्या कॅरिअरला तसाच बांधला तर सांडणार, कपड्यांना वास लागणार.

शेजारीच मूठभर रुंदीचं एक भोक होतं. मी कॅन त्यावर उलटा धरला. गडगड असा आवाज झाला आणि रॉकेल आत गेलं. वर थेंबही राहिला नाही. खडक पुन्हा तसाच कोरडा दिसू लागला. मला आठवतं, मला तेव्हा बरंच वाटलं होतं. घाण केली नाही, आपल्यामागं काही ठेवलं नाही, असं वाटलं होतं.

अंधारात वाड्याजवळून उतरताना गप्पांच्या भरात कळशी दावणीपाशी ठेवायची राहिली. सायकलीपाशी आलो तेव्हा ती गवंड्याच्या पोराच्या खांद्यावरच होती. “परत कोण जातंय आता?” असं म्हणून तशीच गारगोटीला आणली.

चौथ्या दिवशी कळशी परत करायला मी एकटाच गेलो. वाटलं, आज्जी रागावेल, दोन शब्द ऐकून घेऊ. ती झऱ्यावरच बसली होती. पानाखाली कळशी नव्हती. धार जमिनीवर पडत होती आणि ती नुसती बघत होती. मी कळशी पुढं केली. तिनं ती घेतली, पदरानं पुसली आणि बाजूला ठेवली.

“आलास व्हय रं. बरं केलंस. पर पाणी न्हाई देता यायचं तुला.”

“का आज्जी?”

तिनं ओंजळ धारेखाली धरली आणि माझ्या नाकापाशी आणली. ओंजळीतल्या पाण्यावर बारीक तवंग होता, मोराच्या पिसासारखे रंग सुटलेला. वासाबद्दल सांगायलाच नको.

“परवापास्नं असं झालंय. शेरडास्नी आदी कळलं. तोंडच लावंनात. मला वाटलं रोग आला का काय. मग मी घोट घेतला. सड्यानं तोंड वाईट केलंय बाबा. देवाचं काय चुकलं का आमचं चुकलं, कळंना झालंय.”

मग ती घरात गेली आणि लोटीभर ताक घेऊन आली. पाणी देता येत नाही म्हणून ताक. पाहुणा तहानेला जाऊ नये म्हणून. मी ते ताक प्यायलो, कळशी दिल्याचं पुण्य पदरात घेतलं आणि एक अक्षर न बोलता उतरलो. रॉकेल ओतलं ती चूक अजाणता झाली असं मी स्वतःला आजही समजावू शकतो. ते ताक पिऊन गप्प उतरलो त्याला मात्र माझ्याकडं आजही उत्तर नाही.

संध्याकाळी तिघांना गाठून सांगितलं. रेशन दुकानवाल्याचा पोरगा म्हणाला, “कुणाला ठावं हाय आपण वतलं ते? पाऊस आला की जातंय धुवून.” पाऊस यायला सात महिने होते. गवंड्याचा पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हा दोघा शेतकऱ्यांच्या पोरांना आपल्या वडिलांकडं घेऊन गेला. ते जांभ्याच्या खाणीवर चिरेही काढायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. उठले, नुकताच काढलेला एक चिरा दोन दगडांवर आडवा ठेवला आणि लोटाभर पाणी वरून हळूहळू ओतलं. पाणी वर साठलं नाही, कडेनं फारसं ओघळलंही नाही. आत गेलं. आम्ही तिघे वाकून बघत होतो. एवढ्यात चिऱ्याच्या खालच्या अंगाला एक थेंब लोंबला, पडला. मग दुसरा. मग तीन-चार जागी एकदम गळू लागलं.

“बघितलंस? ह्यो दगड न्हवं, चाळण हाय. आख्खा सडा आसाच हाय. पावसाचं पाणी वरनं गिळतोय, पोटात धरतोय, आन् खाली चिकणमाती लागली की पाण्याला खाली जाता येत न्हाई. मग ते आडवं सरकतंय, जितं फट गावंल तितनं भाईर पडतंय. त्योच झरा.”

पुढं शिकवण्याच्या निमित्तानं मी हेच पुस्तकांत वाचलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड, त्यावर लाखो वर्षं पडलेला पाऊस. पावसानं त्यातली वाळूच्या जातीची द्रव्यं, चुना, क्षार विरघळवून नेले आणि लोखंड नि ॲल्युमिनियम मागं राहिलं. लोखंड गंजलं म्हणून दगड तांबडा झाला. जे वाहून गेलं त्याच्या जागी पोकळ्या राहिल्या. खाली अर्धवट कुजलेल्या दगडाची पांढुरकी माती झाली, तीच मामांची चिकणमाती. फ्रान्सिस बुखानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं मलबारात लोकांना हा दगड विटांसारखा कापून घरं बांधताना पाहिलं आणि १८०७ मध्ये वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. पण हे सगळं मामांच्या त्या लोटाभर पाण्यानं आधीच सांगून टाकलं होतं.

“मग मामा, चारआठ दिवसांत धुवून जाईल ना?” मी विचारलं.

“पाणी आसतं तर गेलं आसतं. रॉकेल पाण्यावर तरंगतंय. भोकाभोकात बसंल, इल्ले इल्ले सुटंल. चाळणीला वास धरला की लौकर सोडत न्हाई.” मग त्यांनी तो चिरा हातानं चाचपला, कुदळीच्या टोकानं कोपरा छाटला. साबणासारखा सहज निघाला. “आज काढलाय म्हणून ह्यो मऊ हाय. बायकूनं विळीवर कांदा चिरावा तसा कापा. ऊनवारा लागला की आसा घट हुतोय की पहार वाकंल. जाऊन सांगायचं आसंल तर आजच जावा. चार दिस गेलं की माणसाचं तोंडबी घट हुतंय.”

आम्ही तिघे त्याच दुपारी गेलो. चौथा आला नाही.

वाड्यावर बायका-माणसं जमली. मी उभं राहून सांगितलं. सांगताना आज्जीकडं बघवत नव्हतं. एक तरणा धनगर काठी घेऊन पुढं सरकला होता, त्याला आज्जीनं हातानं थांबवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं विचारलं,

“किती वतलंसा?”

“दोन लिटर आसंल.”

“दोन लिटर.” तिनं मान हलवली. “आरं, चिमणीत घातलं आसतंस तर माझ्या घरात दोन म्हयनं उजेड झाला आसता.”

वाड्यावर वीज नव्हती. रेशनच्या रॉकेलसाठी ती डोंगर उतरून जायची, रांगेत उभी राहायची आणि कार्डावरचं मोजकं रॉकेल बाटलीतून जपून आणायची. आम्ही वास लागेल म्हणून भोकात ओतलं ते तिच्या घरातला साठ रात्रींचा उजेड होता, हे ती सांगेपर्यंत आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काठीचा मार मी विसरलो असतो. हे वाक्य विसरलो नाही.

पाणी आणायचं ठरलं. आमच्याशिवाय कुणी आणायचं? खालच्या गावच्या विहिरीपासून वाडा पाऊण तासाच्या चढावर. कावडीला दोन्हीकडं तेलाचे रिकामे डबे बांधले. पहिल्या दिवशी अर्धं पाणी वाटेतच हिंदकळून सांडलं. आज्जीनं डब्यात पाण्यावर पळसाची पानं ठेवायला शिकवलं, म्हणजे हिंदकळत नाही. तिसऱ्या दिवशी खांद्याची सालटं निघाली. सुट्टी होती तोवर वाड्यावरच राहिलो, शेरडांच्या शेजारी झोपलो. कॉलेज सुरू झाल्यावर शनिवार-रविवार जात राहिलो.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लोक ही हकिकत ऐकतात आणि आम्हाला शाबासकी देतात. शाबासकी देण्याजोगं त्यात काही नाही. आमची कावड आठवड्यातून दोन दिवस होती. उरलेले पाच दिवस वाड्यावरच्या बायका तीच वाट चढत होत्या. त्यात एक पोटुशी होती. त्यांनी कुणाच्या भोकात काही ओतलं नव्हतं.

मामाही एकदा आले. झऱ्याच्या वरचा सडा पायाखाली घातला, ते भोक शोधलं, भोवतीचा वास धरलेला दगड कुदळीनं खणून काढला आणि पोत्यात भरून खाली नेला. त्यानं किती फरक पडला सांगता येत नाही. पण त्या दिवशी ते म्हणाले, “हातानं क्येलंय ते हातानं काडायचं बगावं. निगालं तर निगालं.”

माघ उजाडला. गडावर भैरवनाथाच्या यात्रेची गडबड सुरू झाली. एका रविवारी आम्ही कावडी घेऊन वर आलो तर आज्जी झऱ्यावर बसलेली आणि शेजारी तिची पांढरी शेळी. आज्जीनं धारेखाली पितळी धरली, भरली, शेळीपुढं ठेवली. शेळीनं हुंगलं, कान हलवले, पुन्हा हुंगलं. आम्ही कावडी खांद्यावर तशाच धरून उभे होतो. शेळी प्यायली. पितळी चाटून पुसून काढली. मग आज्जीनं स्वतः घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. फटीतलं जुनं वाळलेलं पान काढून फेकलं, नवं पान मातीनं चिकटवलं आणि कळशी खाली ठेवली. आम्हाला म्हणाली, “बसा. भरंस्तवर बसा.”

तो अर्धा तास आम्ही कुणी बोललो नाही.

त्याच यात्रेत चौथ्या मित्रानं कुणाच्या तरी हाती एक कॅन पाठवला. पाच लिटर रॉकेल, बूच घट्ट बसवलेलं, वर चिंधी बांधलेली. सोबत निरोप काही नव्हता. आज्जीनं कॅन उघडून वास घेतला आणि म्हणाली, “ह्यो मातूर चिमणीतच घालते.” तो का आला नाही ते आम्ही त्याला कधी विचारलं नाही. कॅन पाठवायला त्याला तीन महिने लागले. माझ्या हिशेबी ते उशिरा झालं, पण झालं.

मी पुढं मास्तर झालो. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी शाळेची पोरं घेऊन सड्यावर जातो. तेव्हा सडा ओळखू येत नाही. तांबड्या दगडावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी सडा पडलेला असतो. पाणथळ जागी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, गेंदाचे पांढरे गोंडे, कवल्याची पिवळी फुलं. जांभ्यात झाडाला खायला फार थोडं असतं, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती बारीक जीव धरून पोट भरतात. पोरं पालथी पडून दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब बघतात, त्यात अडकलेलं चिलट बघतात. उपाशी दगडावरही जगायची रीत कुणीतरी शोधून काढली आहे, हे त्यांना फळ्यावर सांगून पटत नाही, तिथं लगेच पटतं.

पण वर नेण्याआधी मी त्यांना झऱ्यावर नेतो. हा क्रम मी कधी मोडला नाही. प्रत्येकानं ओंजळभर पाणी प्यायचं. मग एकानं कळशी धारेखाली ठेवायची आणि भरेपर्यंत सगळ्यांनी बसायचं. अर्धा तास पोरांना जड जातो. चुळबुळ होते, भांडणं होतात. भरली की ती वाड्यावरच्या पहिल्या घरात पोचवायची, मग सडा चढायचा. वर गेल्यावर मी काही सांगत नाही. डबे उघडतात, तेव्हा मी लांबून बघत राहतो. एखादं पोर शिळ्या भाजीचा डबा उपडा करायला भोकाकडं जातं, तिथं थांबतं आणि डबा बंद करून पिशवीत टाकतं. हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे.

माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोनात असतो. सेडोना गावाजवळचे तांबडे खडक बघायला तो सुट्टीच्या दिवशी जातो आणि फोटो पाठवतो. पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा मला आपला मे महिन्यातला सडाच आठवला. रंग तोच, कारण तिथंही दगडाला रंग दिला तो गंजलेल्या लोखंडानंच. फरक असा की तो वाळूचा दगड आहे आणि आपला जांभा पावसानं घडवलेला. तिथून जवळच्या युटा राज्यात आर्चेस, कॅन्यनलँड्स अशी तांबड्या खडकांची राष्ट्रीय उद्यानं आहेत. तिथल्या खडकांत खळगे असतात, आपल्या सड्यावर असतात तसे. पाऊस पडला की त्यांत पाणी साठतं आणि महिनोन्‌महिने कोरड्या मातीत पडून राहिलेल्या अंड्यांतून इवले कोळंबीसारखे जीव जागे होतात. म्हणून तिथं येणाऱ्यांना विनंती असते की खळग्यातल्या पाण्यात हातसुद्धा घालू नका, हाताला लावलेल्या मलमानंही त्या जिवांचं पाणी नासतं. भाच्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला आज्जीच्या ओंजळीतला तो तवंग सांगितला. तो बराच वेळ गप्प होता.

आता रस्ते झाले, गाड्या वर येतात. रॉकेल आता कुणाकडं नसतं. पण गाडीचं जुनं ऑइल असतं, साबणाचं पाणी असतं, फुटलेल्या बाटल्या असतात. मागच्या उन्हाळ्यात सड्यावर गाडी उभी करून दोन तरुण ती धूत होते. मी जवळ गेलो. भांडलो नाही. म्हटलं, “पोरांनो, पाच मिनिटं खाली येता का? पाणी दाखवतो.” एक आला, एक गाडीपाशी थांबला. आलेल्याला मी कळशीपाशी बसवलं. त्या दिवशी वैशाखामुळं धार बारीक होती. कळशीला पाऊण तास लागला. त्यानं तो काढला. वर गेल्यावर त्यानं बादली उचलली आणि उरलेलं साबणाचं पाणी परत डब्यात भरून घेतलं.

आमच्या भागातल्या सड्यांवरचा हाच तांबडा थर बॉक्साइटसाठी खणलाही जातो. ॲल्युमिनियम लागतंच, माझ्या घरातही त्याची भांडी आहेत. पण थर काढला की चाळण गेली, आणि चाळण गेली की खालच्या फटीत पान लावून काय उपयोग, एवढं तरी खणणाऱ्यांनी आणि परवानगी देणाऱ्यांनी वाड्यावर येऊन एकदा बघावं. सडा पडीक आहे असं सरकारी कागद म्हणतो. त्या पडीकाचं पाणी झऱ्यांतून ओढ्यांत, ओढ्यांतून वेदगंगेत, तिथून दूधगंगेत आणि मग कृष्णेत जातं. गारगोटीच्या नळालाही वेदगंगाच येते. मी त्या दिवशी ओतलेल्या रॉकेलचा एखादा थेंब माझ्याच घरातल्या हंड्यात आला असेल.

आज्जी जाऊन वीस वर्षं झाली. वाड्यावर वीज आली, नळही आला, पण चैत्र सरला की नळ कोरडा पडतो आणि बायका पुन्हा झऱ्यावर येतात. तिची नातसून आता पान बदलते. कळशी तीच आहे, तांब्याची, काठाला एक पोचा असलेली. तो पोचा गवंड्याच्या पोराच्या हातून त्या रात्री सायकलीपाशी पडला. पहिल्या घराच्या दावणीपाशी ती उपडी ठेवलेली असते. सड्यावर जाणार असाल तर ती घ्या, झऱ्यावर भरा आणि त्याच दारात ठेवून मग वर चढा. सप्टेंबरात अर्धा तास लागतो, मे महिन्यात पाऊण.